निखाऱ्यावरचं पापलेट, शेजारी कैरी

कोकणात मासे भाजून खाणं काही नवं नाही. चुलीतला जाळ ओसरला की निखाऱ्यावर सुका बोंबील टाकायचा, ताजा बांगडा केळीच्या पानात गुंडाळून राखेत सारायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पापलेट मात्र तव्यावरच जातं. एक तर ते महाग, आणि निखाऱ्यावर त्याचं कातडं एकदा जाळीला चिकटलं की ताटात निम्माच मासा येतो, उरलेला जाळीलाच राहतो. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे, आणि तो बहुतेक पाककृती सांगतात त्याच्या नेमका उलटा आहे. निखाऱ्यावर भाजायच्या पांढऱ्या माशाला आंबट लावू नये. लिंबू नको, कोकमाचं आगळ नको, दही तर मुळीच नको. आंबट हवं, चांगलं सढळ हातानं हवं, पण ते माशाच्या अंगाला न लावता ताटात शेजारी वाढावं.

एप्रिल-मे हा या जेवणाचा खरा हंगाम. झाडावर कैरी असते, होड्या समुद्रात असतात, संध्याकाळी अंगणात किंवा गच्चीवर शेगडी मांडता येते आणि तापल्या स्वयंपाकघरात तेलापुढे उभं राहावं लागत नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तोवर कैरीही सरलेली असते. तेव्हा कैरी आणि ताजं पापलेट एका ताटात आणायचं तर ते पावसाआधीच.

आता आंबटाला इतका विरोध का? त्यासाठी आधी माशाच्या मांसाकडे बघायला हवं.

मासा पाण्याच्या आधारानं जगतो. त्याला स्वतःचं वजन पायांवर पेलायचं नसतं, म्हणून जाडजूड स्नायूबंध लागत नाहीत. बोकडाच्या किंवा इतर जनावरांच्या मांसात तंतू एकत्र धरून ठेवणाऱ्या जोड-ऊतींचं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. माशात ते ३ टक्क्यांच्या आसपास असतं. माशाचं मांस आखूड आखूड थरांत रचलेलं असतं आणि दोन थरांमध्ये कोलॅजेनचा अगदी पातळ पडदा असतो. शिजलेल्या पापलेटाच्या पाकळ्या सुटतात त्या हा पडदा विरघळल्यामुळे. मटणातलं कोलॅजेन विरघळवायला तास-दीड तास रटरटवावं लागतं. माशातलं ५० ते ५५ अंश सेल्सिअसलाच नरम पडतं. त्याही आधी, ४० अंशांच्या आसपास, मांसातली प्रथिनं गोठायला लागतात आणि काचेसारखं पारदर्शक मांस दुधाळ होऊ लागतं. ६० अंशांच्या पुढे तंतू आक्रसून आतलं पाणी बाहेर फेकतात. थोडक्यात, कच्चा, नेमका आणि कोरडा या तीन अवस्था पंचवीसेक अंशांच्या आत उरकतात. मासा शिजवायला कौशल्य लागतं ते एवढ्यासाठीच, की तिथे चुकायला वेळच मिळत नाही.

त्यातही पांढरा मासा अधिक नाजूक. बांगडा जन्मभर पोहत असतो, त्या अखंड कामासाठी त्याच्याकडे प्राणवायू साठवणारे तांबूस स्नायू असतात आणि इंधन म्हणून भरपूर तेल असतं. बांगडा निखाऱ्यावर दोन मिनिटं जास्त राहिला तरी ते तेल त्याला सांभाळून घेतं. पांढऱ्या मांसाच्या माशांचे स्नायू झटक्यात जोर लावायचे, एरवी निवांत असायचे. त्यांत तांबूस पट्टा नावापुरता आणि तेल कमी. चव सौम्य आणि गोडसर, पण चूक झाकायला काही नाही. म्हणून पांढरा मासा भाजायचा तर अख्खा, कातड्यासकट आणि काट्यासकट. कातडं धग अडवतं, काट्याजवळचं मांस सावकाश शिजतं आणि त्याच्या भोवतीचं कोलॅजेन विरघळून ओलावा देतं. कातडं सोललेल्या, काटा काढलेल्या तुकड्या निखाऱ्यावर टाकणं मला तरी मासळीची नासाडी वाटते.

मासा कोणता घ्यावा? पापलेट तर झालंच. पहिल्यांदाच भाजणाऱ्यानं मात्र हलव्यापासून सुरुवात करावी. त्याला काळं पापलेट म्हणतात खरं, पण तो पापलेटाच्या कुळातला नाही. त्याचं कातडं जाड आणि मांस घट्ट असतं, जाळीवर तो सहज टिकतो. खाडीतला जिताडा, म्हणजे गोव्यातला चणक, चांगला भाजला जातो. रायगडात पेण-अलिबागकडे खारजमिनीतल्या तळ्यांत तो वाढवतात. तांबोशी वरून लाल असली तरी आतून पांढरीशुभ्र, आणि तीही सोशीक आहे. रावस हॉटेलांच्या मेनूवर ‘इंडियन सामन’ म्हणून मिरवतो, पण सामनशी त्याचं काही नातं नाही. त्याच्या तुकड्या जाळीवर फुटतात, तव्यावर मात्र छान लागतात. ओल्या बोंबलाच्या वाटेला जाऊच नये. त्याच्या अंगात इतकं पाणी असतं की जाळीवर त्याचा लगदा होतो. निखाऱ्यावर त्यानं वाळूनच यावं.

पापलेटाच्या आकाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. २०२३ साली महाराष्ट्रानं चंदेरी पापलेटाला राज्यमासा घोषित केलं. हा मान मिळाला तो त्याची आवक घटत चालली आहे या काळजीपोटी. त्याच वर्षी राज्यानं ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, आणि पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान पिल्लं बाजारात दिसतात, स्वस्त मिळतात आणि लोक घेतातही. कायद्याची आणि समुद्राची गोष्ट बाजूला ठेवली तरी भाजायला ती निरुपयोगी. कातड्याला रंग येईपर्यंत एवढासा मासा आतून केव्हाच सुकलेला असतो. निखाऱ्यासाठी ३५० ते ४५० ग्रॅमचं पापलेट बरं. मध्यभागी साधारण अडीच सेंटीमीटर जाडी मिळते आणि दोघांना एक पुरतं.

ताजेपणाची पारख बाजारात जाणारे सगळेच सांगतात: डोळा फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबलं तर खड्डा न राहता मांस वर येणारं. पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबून पांढरं पाणी येतं का तेही बघतात. मी नाकावर अधिक भरवसा ठेवतो. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, माशाचा येत नाही. आणि उन्हाळ्यात बाजारात जाताना बर्फाचा डबा न्यावा. मे महिन्यातल्या दुपारी पिशवीत तासभर राहिलेलं पापलेट सकाळच्या पापलेटासारखं उरत नाही.

वासाची गोष्ट निघालीच आहे तर माशाला आंबट का लागतं तेही इथेच बघू, कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. सजीवांच्या पेशींत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हा फरक तसाच राहिला तर समुद्र माशाच्या अंगातलं पाणी शोषून घेईल. म्हणून समुद्री मासे पेशींमध्ये दुसरी काही द्रव्यं साठवून तोल सांभाळतात. त्यातलं ग्लायसिन चवीला गोड आणि ग्लुटामिक आम्ल रुचकर. पापलेटाचा गोडवा तिथून येतो. साठवलेलं तिसरं द्रव्य म्हणजे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. त्याला स्वतःला वास नसतो, पण मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि ज्याला आपण माशाचा वास म्हणतो तो याचा. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत हे द्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून त्यांचा वास वेगळा, मातकट. ट्रायमिथाइलअमाइन हवेत उडतं तेव्हाच नाकापर्यंत पोचतं. आंबट पदार्थातलं आम्ल त्याला बांधून ठेवतं, उडू देत नाही. कोकम, चिंच, कैरी, लिंबू, व्हिनेगर यांतलं काही ना काही मासे खाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलखात माशाच्या सोबतीला का असतं, त्याचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं असं की आंबटानं तोंडाला पाणी सुटतं आणि सौम्य मांसाची चव उठून येते.

म्हणजे आम्लाचं काम नाकाशी आणि जिभेशी आहे. ते घासाबरोबर तोंडात गेलं तरी पुरतं. आधीपासून माशाला चोळून ठेवलं तर ते दुसरंच काम करू लागतं. प्रथिनांच्या घड्या उष्णतेनं उलगडतात तशाच आम्लानंही उलगडतात. लिंबू लावून अर्धा तास ठेवलेल्या तुकडीचा वरचा थर पांढरट आणि अपारदर्शक दिसतो तो त्यामुळेच; पेरूमधलं सेविचे हे तर चुलीशिवाय, निव्वळ लिंबाच्या रसात पांढरं केलेलं मांस. असा थर पाणी धरून ठेवत नाही, सोडत राहतो. ओल्या कातड्याचं तापमान पाणी उडून जाईपर्यंत १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला त्याला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. त्यात तांबूस करणारी ती रासायनिक क्रिया आम्लात मुळातच मंदावते. मग आपण रंगाची वाट बघत बसतो आणि आत मासा कोरडा होत जातो. शिवाय आम्लानं कातडं नरम पडतं आणि उलटताना फाटतं. दही लावलं असेल तर दुधातली प्रथिनं आणि साखर लोखंडाला चिकटून करपतात, ते आणखी वेगळं.

मग तंदुरीवाले दही लावतात ते कसं चालतं? तंदूरमध्ये मासा सळईवर टांगलेला असतो, कुठल्याही जाळीला टेकत नाही, आणि भट्टीची आच इतकी प्रखर असते की ओलावा झटक्यात उडतो. घरी तव्यावर तळताना आपण आगळ किंवा लिंबू लावतो तेही चालतं, कारण मासा आणि तवा यांच्यामध्ये रवा किंवा तांदळाचं पीठ असतं. ते ओल शोषतं आणि रंग त्यालाच येतो. गोव्याचा व्हिनेगर घातलेला रेचाद मसालाही तव्यावरचाच. या तिन्ही पद्धती आपापल्या जागी उत्तम आहेत. उघड्या निखाऱ्यावरची जाळी ही चौथी जागा, तिचे नियम वेगळे.

वासाची फारच धास्ती असेल तर मासा आंबट पाण्यातून मिनिटभर फिरवून काढावा आणि लगेच साध्या पाण्यानं धुवावा. वास पृष्ठभागावर असतो, तो धुतला जातो, आणि आम्लाला आत शिरायला वेळ मिळत नाही.

साफ करताना डोकं आणि शेपटी ठेवावी. कल्ले मात्र काढायलाच हवेत, जिवाणू आणि कडू चव तिथेच असते. पोट साफ झाल्यावर आत मणक्याला लागून रक्ताची काळपट रेघ दिसते, ती नखानं खरवडून धुवावी. वासाचा बराच भाग तिच्यात असतो आणि मासळी बाजारातल्या घाईत ती नेमकी राहून जाते. मग दोन्ही बाजूंना तिरक्या तीन चिरा द्याव्यात. कातडं तापलं की आक्रसतं, चिरा नसतील तर मासा वाकतो आणि जाळीवरून उठतो. चिर जाड भागात काट्यापर्यंत जावी, पोटाकडे पातळ भागात नुसती कातड्यापुरती.

आता मीठ. ४०० ग्रॅमच्या पापलेटाला सहा ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा. बाहेरून, चिरांतून आणि पोटात चोळून वीस मिनिटं ठेवावं. थाळीत पाणी जमा होईल. ते बाहेर आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये, ते निखाऱ्यावर आलं असतं तर जास्त महागात पडलं असतं. मिठानं वरचा थर घट्ट होतो आणि आतला ओलावा धरून ठेवतो. यानंतर मासा कोरड्या फडक्यानं टिपून घ्यावा, एकदा आणि पुन्हा एकदा, चिरांच्या आतसुद्धा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. कोरडं कातडं चिकटत नाही.

मसाला बेतानं. हळद, तिखट आणि चमचाभर तेल एकत्र करून हातानं पातळ लेप द्यायचा. आलं-लसणाचं वाटण कातड्यावर नको, ते निखाऱ्यावर काही मिनिटांत करपून कडवट लागतं. ते पोटात भरावं, हवं तर हिरवी मिरची आणि कोथिंबीर ठेचून सोबत. पोटात त्याला वाफ मिळते, आच नाही. तेल माशाला लावायचं आणि तेही पुसट. ओघळणारं तेल निखाऱ्यावर पडलं की भडका उडतो, आणि भडक्याची काजळी माशावर बसते. अनेकांना तीच ‘कोळशाची चव’ वाटते. कोळशाची चव म्हणून जी असते ती थेंबभर रस आणि तेल निखाऱ्यावर पडून उठणाऱ्या हलक्या धुराची. काळ्या थराची नव्हे.

दोन पापलेटांना किलोभर लाकडी कोळसा पुरतो. नारळाच्या करवंट्या हाताशी असतील तर पेटवायला त्या फार सोयीच्या, पण त्या कडक जळतात आणि लवकर विझतात, म्हणून भाजायची आच कोळशाचीच असू द्यावी. कोळसा पेटला म्हणजे तयार झाला असं नाही. जाळ आहे तोवर थांबायचं. अर्ध्या तासानं जाळ खाली बसतो, निखाऱ्यावर राखेचा पांढुरका थर येतो आणि आतून लाल दिसतं. मासा भाजला जातो तो या लाल निखाऱ्याच्या धगीवर. निखारे शेगडीच्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असे पसरावेत, म्हणजे कातड्याला रंग आल्यावर मासा सौम्य बाजूला सरकवता येतो. तळहात जाळीच्या उंचीवर धरून बघावा. तीन-चार सेकंदांत मागे घ्यावासा वाटला तर आच योग्य. लगेच चटका बसला तर थोडं थांबावं, आठ-दहा सेकंद धरता आला तर पंखा हलवावा.

शेगडी उघड्यावरच मांडावी. बंद खोलीत किंवा खिडक्या लावलेल्या बाल्कनीत कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही, आणि निखारे लाल, बिनधुराचे दिसत असतानाही तो तयार होत असतो.

जाळीवर मासा चिकटतो कसा? कच्ची प्रथिनं कोमट धातूला टेकली की त्यांचे धातूशी रासायनिक बंध जुळतात. जाळी आधीच कडकडीत तापलेली असेल तर प्रथिनं टेकल्याटेकल्या गोठतात आणि बंध जुळायला फारशी सवड राहत नाही. म्हणून रिकामी जाळी निखाऱ्यावर दहा मिनिटं तापवायची, तारेच्या ब्रशनं जुनी काजळी घासून काढायची आणि मगच मासा ठेवायचा. ठेवल्यावर हात लावायचा नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्या दोन मिनिटांत मासा चिकटलेलाच असतो. कातडं सुकून खरपूस झालं की तो आपणहून सुटतो. उलथनं शेपटीकडून हलकेच खाली सारून बघावं. सुटत नसेल तर तो अजून तयार नाही, ओढू नये. दोन जाळ्यांमध्ये मासा धरून उलटायची, दांड्याची दुहेरी जाळी बाजारात मिळते. ती घेतली तर उलटण्याची चिंता जाते, फक्त ती घट्ट आवळायची नाही.

वेळेचा अंदाज जाडीवरून बांधतात, वजनावरून नाही. अडीच सेंटीमीटर जाडीला एकूण दहा मिनिटं. पहिल्या बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला चार, कारण दुसरी बाजू उलटेपर्यंत निम्मी तापलेलीच असते. हे घड्याळ फक्त सावध करण्यापुरतं. खरी खूण डोक्यामागच्या जाड भागात असते. तिथल्या चिरेत सुरीचं टोक घालून मांस बाजूला सारावं. काट्यापासून ते अलगद सुटलं आणि काचेसारखं न दिसता दुधाळ दिसलं की उतरवायचं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ६३ अंश हा सुरक्षित आकडा मानतात. त्याहून तीन-चार अंश आधी उतरवलं तर आतल्या उष्णतेवर उरलेलं अंतर ताटात कापलं जातं. चार मिनिटं पापलेट तसंच राहू द्यावं, वर झाकण नको, नाहीतर वाफेनं कातडं मऊ पडतं.

हे सगळं करायची हिंमत होत नसेल तर केळीचं पान आहेच. पान निखाऱ्यावर फिरवून मऊ करायचं, मासा गुंडाळायचा आणि पुडी जाळीवर ठेवायची. चिकटण्याचा प्रश्नच नाही, मासा ओलसर राहतो, पानाचा सुंदर वास लागतो. पण तो वाफवलेला मासा, भाजलेला नव्हे. मुंबईच्या पारशांची पात्रा नी मच्छी याच तत्त्वावर, पापलेटाला हिरवी चटणी लावून पानात वाफवलेली. तिथे चटणीत आंबट असलं तरी बिघडत नाही, कारण कुणाला खरपूसपणा हवाच नसतो. शेगडी नसलेल्या फ्लॅटमध्ये बिडाचा जाड तवा धूर निघेपर्यंत तापवून त्यावर मासा ठेवावा. कोरडं कातडं, तापलेलं लोखंड आणि न हलवणं हे तिन्ही नियम तसेच लागू.

कोळसा राख धरतोय आणि मासा मिठात पडलाय तेवढ्यात शेजारची आंबट बाजू तयार होते. माझी निवड कैरी-कांद्याचा तक्कू. रायवळ झाडाची कैरी मिळाली तर उत्तम, तिला झणझणीत आंबटपणा असतो. वाऱ्यानं गळालेल्या हापूसच्या कैऱ्या चालतात. तोतापुरी करकरीत पण मवाळ, तिच्यात लिंबू पिळावं लागेल. देठ कापून कैरी थोडा वेळ उलटी ठेवावी, देठाजवळचा चीक ओठांना चटका देतो. मग साल काढून जाड किसणीवर किसायची. बारीक किस लगदा होतो, आणि मऊ माशाशेजारी दाताखाली काही करकरीत हवं असतं.

एका मध्यम कैरीच्या किसाला एक छोटा कांदा, तोही किसून किंवा अगदी बारीक चिरून. दोन-तीन चमचे चिरलेला गूळ, चमचाभर तिखट, चवीपुरतं मीठ. हे कालवून पंधरा मिनिटं ठेवलं की मीठ कैरीतलं पाणी ओढून घेतं, त्या पाण्यात गूळ विरघळतो आणि कैरीच्या सायट्रिक आणि मॅलिक आम्लांमुळे कच्च्या कांद्याचा उग्रपणा उतरतो. पाणी ओतून द्यायचं नाही, माशावर चमच्यानं घालायला तेच सगळ्यात चांगलं. फोडणी पळीभर तेलाची: मोहरी, चार मेथीदाणे, हिंग, हळद. फोडणी कोमट झाल्यावर घालावी, कडकडीत घातली तर कैरी आणि कांदा मऊ पडतात. गुळाबद्दल घराघरांत मतभेद आहेत. नुसत्या पोळीशी खायच्या तक्कूत गूळ जास्त चालतो, पण माशाशेजारी तो कमी हवा. पापलेट स्वतः गोड आहे, त्याला आणखी गोडाची गरज नाही.

तक्कू माशावर पसरून वाढू नये. पाण्यानं खरपूस कातडं दोन मिनिटांत सादळतं, आणि इतक्या खटाटोपानं मिळवलेली गोष्ट तीच असते. वाटीत वेगळा ठेवावा, ज्यानं त्यानं घासाला घासाला लावून घ्यावा. सोबत तांदळाची भाकरी पुरे. सोलकढीचा आग्रह मात्र मी धरणार नाही. कोकम आणि कैरी दोन्ही आंबट एकाच घासात एकमेकांना खातात आणि मासा मध्ये हरवतो. ज्यांना सोलकढीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही त्यांनी मासा संपवावा, भाताकडे वळावं आणि मग ती ओतून घ्यावी.